चाव्यांचा दुसरा संच

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला सांगितलं, "काका, तुम्ही परदेशी जाऊन आलात, त्यावर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, अहो, परदेशी आता कोण जात नाही? आपल्याच सोसायटीत दर दिवाळीनंतर चार-पाच फ्लॅटना कुलूप दिसतं. कोणी मुलाकडे न्यू जर्सीला, कोणी मुलीकडे दुबईला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं अंजूरला राहायला आलो तेव्हा पावसाळ्यात रस्त्यावरून चप्पल हातात घेऊन यावं लागे, आणि पाण्याचा टँकर आला की सगळी विंग बादल्या घेऊन खाली. तेव्हा ज्या पोरांना आपण टँकरच्या रांगेत उभं केलं, ती पोरं आता आपल्याला विमानाची तिकिटं पाठवतात. तेव्हा प्रवासवर्णन सांगून मी तुम्हाला कंटाळा आणणार नाही. मी सांगणार आहे ती माझी एक चूक. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने करू नये अशी चूक, आणि ती उघडी पडली सिंगापूरमध्ये, जिथं आम्ही उणेपुरे चौदा तास होतो.

आमची मुलगी मेलबर्नला असते. तिला बाळ झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघांनी जायचं ठरलं. मी तेव्हा त्र्याहत्तरचा, आमच्या सौ. अडुसष्टच्या. याआधी एकदा गेलो होतो, तेव्हा जावई स्वतः न्यायला आले होते, त्यामुळे ते जाणं म्हणजे मुलाचा हात धरून शाळेत जाण्यासारखं. या वेळी पहिल्यांदाच दोघंच. डॉक्टर म्हणाले, सलग बारा-तेरा तास बसून राहू नका. मला मधुमेह, हिचे गुडघे. एवढा वेळ पाय लोंबकळत ठेवले की पोटरीत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. मध्ये कुठेतरी उतरा, पाय मोकळे करा, मग पुढे जा.

मी लगेच नकाशा काढला. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, सिंगापूर ते मेलबर्न साडेसात तास. रात्री निघायचं, सकाळी सिंगापूरला उतरायचं, दिवसभर शहर बघायचं, रात्री पुढच्या विमानात बसायचं. हिला विचारलं तेव्हा ही म्हणाली, "सिंगापूर? मग मला पाडांग बघायचंय."

मला पाडांग म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. हिचे वडील शाळामास्तर. दर २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीला, ते वर्गात सिंगापूरची गोष्ट सांगत. ५ जुलै १९४३ रोजी पाडांगच्या मैदानावर नेताजींनी आझाद हिंद फौजेची सलामी घेतली आणि 'चलो दिल्ली'ची हाक दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तिथल्या कॅथे चित्रपटगृहात आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं, आणि दुसऱ्या दिवशी झाशी राणी रेजिमेंटचं शिबिर सुरू झालं. हे सगळं हिला लहानपणापासून पाठ. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, नऊ बदल्यांमध्ये नऊ घरं हिने लावली आणि मोडली, पण हिला सिंगापूरचं एक मैदान बघायचंय हे मला त्या दिवशी कळलं.

आता तयारी. मंडळी, मी फाइल केली. बँकेतली सवय. रंगीत विभाजक घालून: तिकिटं, व्हिसा, विमा, औषधं, पैसे. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मुलीने तिथून मार्गदर्शन करून काढून घेतला. सिंगापूरची गंमत अशी की, हाती ऑस्ट्रेलियासारख्या काही ठरावीक देशांचा व्हिसा आणि पुढचं तिकीट असेल, तर भारतीय पासपोर्टवर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबता येतं. मात्र शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा, आणि नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ज्याने-त्याने बघून घ्यावं. शिवाय पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तो फुकट असतो. कोणी त्याचे पैसे मागितले तर समजा तुम्ही चुकीच्या साइटवर आहात.

हे सगळं मी केलं. दोन्ही पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाउचमध्ये. दोन्ही बोर्डिंग पास माझ्याकडे. परकीय चलनाचं कार्ड माझ्याकडे, डेबिट कार्ड माझ्याकडे. फोनला आंतरराष्ट्रीय पॅक घेतला तो माझ्या एकट्याच्या. मुलीने विचारलं, "आईच्या फोनचं काय?" मी म्हणालो, "आम्ही बरोबरच असणार, दोन पॅक कशाला?" वाचवले. किती? ते सांगायची लाज वाटते.

हिच्याकडे काय होतं? एक कापडी पिशवी. तिच्यात राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, बामची बाटली, साखरेच्या चार पुड्या आणि एक जुनी सुती साडी घडी घालून. मी म्हटलं, "अगं, ही काय एसटी आहे का? विमानात सगळं देतात." ही काही बोलली नाही. पिशवी सोडली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी नाईकांच्या वाड्यातल्या गणपतीला नमस्कार केला. आपल्या अंजूरचे गंगाजी नाईक पोर्तुगिजांच्या जाचाविरुद्ध पुण्याला पेशव्यांकडे गेले आणि १७३७ ते १७३९ च्या साष्टी-वसईच्या मोहिमेत पुढे राहिले, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्यापुढे आमचा प्रवास तो काय! पण घरातून लांब निघालं की माणूस त्या देवळात डोकं टेकतोच. विमान रात्री पावणेबाराच्या सुमाराचं. मी गाडी पाचला बोलावली. सगळे हसले. पण माणकोलीला कंटेनरची जी रांग लागली होती, ती बघून ड्रायव्हर म्हणाला, "काका, बरं झालं लवकर निघालो." भिवंडीच्या गोदामांचा देशाला किती उपयोग आहे ते अर्थतज्ज्ञ सांगतील. विमान पकडायचं असलं की आपल्याला त्यातली ट्रकची रांगच दिसते.

विमानात मी जेवलो नाही. झोप लागली होती. हिने मला उठवलं नाही, कारण मी आधीच बजावलं होतं, "झोपलो की उठवू नकोस." सकाळी पावणेआठला सिंगापूर. आपल्या घड्याळात तेव्हा सव्वापाच. सामान थेट मेलबर्नला जाणार होतं, हातातल्या दोन लहान बॅगा विमानतळावरच पैसे भरून ठेवल्या. आणि तिथल्या घड्याळात साडेआठ वाजले म्हणून मी रोजच्यासारखी साखरेची गोळी घेतली. गोळी घेतली की अर्ध्या तासात नाश्ता, हा माझा घरचा नियम. इथं ठरवलं, नाश्ता शहरात जाऊन करू. लिटल इंडियात छान इडली मिळते असं मुलीने सांगितलं होतं.

आता पहिला धडा. विमानतळावरून मेट्रोने जायचं होतं. तिथं फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, तिकीट नको. मी ऐटीत माझं कार्ड टेकवलं, फाटक उघडलं, आत गेलो. मागून हिला घ्यावं म्हणून तेच कार्ड पुन्हा टेकवलं, तर लाल दिवा. एका कार्डावर एकच माणूस. मी आत, ही बाहेर. मध्ये काचेचं फाटक. ही मला विचारते, "अहो, माझं कार्ड कुठंय?"

मंडळी, हिचं कार्ड होतं. आमच्या जॉइंट खात्याचं, हिच्या नावाचं. ते अंजूरला कपाटात होतं. पिनचं पाकीट तीन वर्षं न उघडता त्याच्याबरोबर. बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याची बायको! मी ग्राहकांना सांगत असे, "दोघांच्या सह्या ठेवा, दोघांनी व्यवहार करा, मावशींनाही खात्यातलं कळू द्या." हे मी हजार जणांना सांगितलं असेल. घरी सांगायचं राहिलं.

शेवटी परकीय चलनाचं कार्ड मी फाटकावरून हिच्या हातात दिलं. हिने ते टेकवलं, हिरवा दिवा लागला. आत आल्यावर मी हात पुढे केला, कार्ड परत घेण्यासाठी. ही म्हणाली, "असू दे. उतरतानाही लागेलच की." आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिलं. हे लक्षात ठेवा.

मध्ये एकदा गाडी बदलून लिटल इंडियाला उतरलो. जिना चढून वर आलो आणि एकदम दादरच्या फुलमार्केटचा वास. मोगऱ्याचे गजरे, केळीची पानं, उदबत्ती. सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मन म्हणून कालीमातेचं जुनं देऊळ आहे. देऊळ दुपारी बंद होतं, म्हणून आधी दर्शन घेऊ, मग इडली, असं मी ठरवलं. पुन्हा मीच ठरवलं. देवळात गर्दी होती. सव्वाअकराला बाहेर आलो. ऊन असं की आपला मे महिना परवडला, आणि हवेत घाम सुकत नाही.

फुटपाथवर मला आधी घाम फुटला. वाटलं, उकाडा. मग हात थरथरू लागले. दुकानाची पाटी दोन-दोन दिसू लागली. ही नंतर म्हणाली, मी तिला विचारत होतो, "कॅश टॅली झाली का?" म्हणजे मी मनाने शाखेत पोचलो होतो! तिथं दुकानांपुढे झाकलेले व्हरांडे असतात, त्यातल्या एका व्हरांड्यात मी खाली बसलो. पुढची वीस मिनिटं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतात. जे सांगतो ते हिच्या तोंडून ऐकलेलं.

हिने मला भिंतीला टेकवलं. पिशवीतून साखरेची पुडी काढली, माझ्या तोंडात घातली, वर दुसरी घातली. दुकानदार तमिळ होते. हिला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ही म्हणाली, "शुगर लो, शुगर लो!" त्यांना वाटलं, साखर 'घ्या' म्हणते. घोटाळ्यातून काम बरोबर झालं, कारण त्यांनी आतून गोड सरबताचा ग्लास आणला. मी शुद्धीत होतो, गिळत होतो, म्हणून ते चाललं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, ते श्वासनलिकेत जातं. हे हिला माहीत होतं. आपल्याच सभागृहात आरोग्य शिबिर झालं होतं तेव्हा ही पुढच्या रांगेत बसली होती. मी मागे बसून हिशोब तपासत होतो.

आता खरी गोष्ट. तोवर चार माणसं जमली. चांगली माणसं होती. एका बाईंनी विचारलं, यांना कोणती औषधं चालू आहेत? हिला गोळीचा रंग माहीत होता, नाव माहीत नव्हतं. नाव फाइलमध्ये, फाइल विमानतळावर ठेवलेल्या बॅगेत. अँब्युलन्स बोलावू का? तिथला नंबर ९९५. बोलावली तर विमा कोणत्या कंपनीचा? माझ्या फोनमध्ये. फोन आकडे घातल्याशिवाय उघडत नाही, आकडे माझ्या डोक्यात, आणि डोकं शाखेची कॅश मोजतंय. मुलीला फोन लावू का? त्या बाईंनी स्वतःचा फोन पुढे केला. हिला मुलीचा ऑस्ट्रेलियाचा नंबर पाठ नव्हता. पाठ होता तो आपल्या शेजारच्या काकूंचा, अंजूरचा. तुमचं पुढचं विमान कधी? "रात्री." कोणतं? कोणत्या टर्मिनलवरून? हिला काहीच माहीत नव्हतं.

वीस मिनिटांत मी माणसात आलो. दुकानदारांनी पैसे घेतले नाहीत. मग एका खानावळीत बसून इडली खाल्ली, वर हिचा राजगिऱ्याचा लाडू. साखर एकदा खाली गेली की नुसत्या सरबतावर भागत नाही, पाठोपाठ पोटभर खावं लागतं, नाहीतर पुन्हा खाली जाते. मी लाडू खात होतो आणि ही माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "घाबरलीस का?" ही म्हणाली, "तेव्हा नाही. आता घाबरतेय."

"आता कशाला?"

"तुम्ही उठला नसतात तर मी कुठे गेले असते हो? मला कोणत्या विमानात बसायचं तेसुद्धा माहीत नव्हतं. पासपोर्ट तुमच्या कमरेला. मी कोण आहे हे सांगायलासुद्धा तुमचं पाउच सोडावं लागलं असतं."

रागावून नव्हती बोलली. मटारची शेंग सोलावी तशी शांतपणे बोलली. बँकेत माझ्यावर दोनदा इन्स्पेक्शनचे शेरे आले होते. पण असा शेरा कोणी मारला नव्हता.

मी म्हटलं, आता सरळ विमानतळावर जाऊ. ही म्हणाली, "एक तास बसू. तुम्हाला बरं वाटलं तर पाडांग बघून जाऊ. नाही वाटलं तर विमानतळ." तासाभराने मला बरं वाटलं. टॅक्सी हिने थांबवली. कुठे जायचं हे हिने सांगितलं, आणि पैसे हिने दिले, त्या कार्डाने, जे मी सकाळी परत मागत होतो.

पाडांग म्हणजे शहराच्या मधोमध एक मोठं हिरवं मैदान. शेजारच्या एस्प्लनेड पार्कमध्ये एक छोटा स्मृतिस्तंभ आहे. नेताजींनी जुलै १९४५ मध्ये तिथं आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची पायाभरणी केली होती. इंग्रज परत आले आणि त्यांनी ते स्मारक पाडून टाकलं. पुढे १९९५ साली सिंगापूर सरकारच्या वारसा मंडळाने त्या जागी खूण म्हणून हा स्तंभ उभा केला. मूळ स्मारकावर तीन शब्द होते: इत्तेफाक, इतमाद, कुर्बानी. म्हणजे ऐक्य, विश्वास, बलिदान. बघण्यासारखं फार काही नाही. लोक फोटो काढायला दुसरीकडे जातात. ही तिथं दहा मिनिटं उभी राहिली. मग पिशवीतून ती जुनी सुती साडी काढली, बाकावर अंथरली आणि म्हणाली, "बसा जरा." साडी हिच्या आईची होती. मी तोवर समजत होतो की पाय पुसायला आणली आहे.

संध्याकाळी विमानतळावर आलो. तिथं विमानतळाला लागूनच ज्युएल नावाची काचेची इमारत आहे, २०१९ मध्ये उघडलेली. छतातून चाळीस मीटरचा धबधबा पडतो, भोवती झाडं. सगळे फोटो काढत होते. आम्ही एका कोपऱ्यात बसलो आणि मी बॅग सोडवून आणून फाइल उघडली.

मंडळी, जे बँकेत होते त्यांना माहीत आहे, जे नव्हते त्यांना सांगतो. शाखेची तिजोरी एका माणसाच्या चावीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन चाव्या, दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आणि त्या चाव्यांचा दुसरा संच असतो, तो त्या शाखेत ठेवतच नाहीत, दुसऱ्या शाखेत सीलबंद ठेवतात. का? तर इथल्या चाव्यांचं किंवा चाव्या बाळगणाऱ्याचं काही झालं, तरी सकाळी दहाला ग्राहकाला पैसे मिळाले पाहिजेत. मी हा नियम छत्तीस वर्षं पाळला. एका शाखेत दुसरा संच वेळेवर फिरवला नाही म्हणून कनिष्ठाला मेमो दिला होता. आणि माझ्या घरात? दोन्ही चाव्या माझ्याकडे, दुसरा संच नाहीच.

त्या बाकावर मी हिला चार्ज दिला. बदली झाली की देतात तसा, एकेक बाब वाचून. तुझा पासपोर्ट तुझ्याकडे, माझा माझ्याकडे, आणि एकमेकांच्या पासपोर्टची झेरॉक्स दोघांकडे. तुझा बोर्डिंग पास तुझ्याकडे. एक कार्ड तुझ्याकडे राहील, हा त्याचा पिन. माझ्या फोनचे आकडे हे. विम्याचा नंबर हा. मुलीचा आणि जावयांचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर. दोघांच्या औषधांची यादी, कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ. ही प्रत्येक बाब वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेत होती. मी म्हटलं, "मी लिहून देतो ना." ही म्हणाली, "तुमचं अक्षर तुम्हालाच लागतं. मला माझ्या अक्षरात हवं." तासभर गेला. धबधबा बघायचा राहिलाच. निघताना मान वर करून बघितला तेवढाच.

पुढच्या साडेसात तासांत दर दोन तासांनी ही मला उठवायची. पाणी पाजायची, चालायला लावायची, जेवण आलं की "खाऊन घ्या" म्हणायची. मेलबर्नला उतरण्यापूर्वी घोषणापत्र भरायचं असतं. खाण्याच्या वस्तू, बिया, लाकडी वस्तू काय आणल्यात ते खरं लिहायचं, नाहीतर दंड होतो. मागच्या वेळी दोघांचेही अर्ज मी भरले होते. या वेळी ही म्हणाली, "माझा मी भरते." मेतकूट, गोडा मसाला, लाडू, सगळं लिहिलं. अधिकाऱ्याने पिशवी उघडून बघितली, हसला आणि सोडून दिलं. दरवाजापाशी मुलगी उभी होती, बाळाला घेऊन. ही पुढे, मी मागे.

तीन महिने कसे गेले ते सांगत नाही, ते सगळ्या आजी-आजोबांचे सारखेच जातात. परत आलो तेव्हा पहिलं काम केलं ते कपाट उघडलं. कार्ड काढलं. पिनची मुदत संपली होती, नवीन घेतला. आता महिन्याचं लाइट बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स ही भरते. खजिनदार साहेब साक्षीला आहेत, एकदाही उशीर नाही. माझ्या वेळी झाला होता.

खाडीपलीकडच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. गोपाळराव मागे राहिले होते. तेव्हा आपल्या भागातल्या बाईला जमत नाही असं कोणी म्हणू नये. जमतं. चाव्या मात्र हातात द्याव्या लागतात.

आता माझ्या वयाच्या सभासदांना काही विनंत्या. उपदेश समजू नका, माझ्या मेमोवरचं उत्तर समजा.

एक. प्रवास लांबचा असेल तर मध्ये थांबा. एक दिवसाचाही चालेल. पण थांबा म्हणजे धावपळ नव्हे. एक जागा बघा, बसा, खा. घड्याळ बदलतं तेव्हा गोळीची वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना आधी विचारून लिहून घ्या. आणि साखरेची गोळी घेतली की ताट समोर असलं पाहिजे.

दोन. औषधं हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही, आणि फाइलही जवळ. मधुमेही माणसाच्या खिशात साखर असावी, आणि त्याच्या सोबत्याच्या खिशातही.

तीन. प्रत्येकाचा पासपोर्ट, कार्ड आणि चालू फोन प्रत्येकाकडे. पैसे वाचवायला इतर जागा आहेत.

चार. जिथं जाल तिथला मदतीचा नंबर कागदावर लिहून घ्या. सिंगापूरला अँब्युलन्ससाठी ९९५, ऑस्ट्रेलियात तीनदा शून्य, आपल्याकडे ११२.

पाच, आणि हे घरी बसणाऱ्यांसाठीही आहे. आज रात्री घरी गेल्यावर जोडीदाराला एकच प्रश्न विचारा: "मी उद्या सकाळी बोलू शकलो नाही, तर तुला काय काय सापडेल?" बँकेचं खातं 'आयदर ऑर सर्वायव्हर' आहे का ते बघा, म्हणजे दोघांपैकी कोणीही एकटा व्यवहार करू शकेल. नामनिर्देशन भरलंय का ते बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. आपल्या सोसायटीच्या दप्तरातही फ्लॅटचं नामनिर्देशन असतं. चिटणीसांना विचारा, किती जणांचे अर्ज अजून कोरे आहेत. त्यांनी मला आकडा सांगितला आहे, पण समारंभात सांगू नका म्हणाले.

सहा. परगावी जाताना घराची एक चावी शेजारी द्या. माझी शेजारच्या काकूंकडे असते. सिंगापूरच्या फुटपाथवर हिला आठवलेला एकमेव नंबर त्यांचा होता, हे मी आज त्यांना पहिल्यांदाच सांगतोय. काकू, आभारी आहे.

तेव्हा तरुण मंडळींनाही सांगतो, आईबाबांना तिकीट पाठवाल तेव्हा दोघांनाही वेगवेगळा फोन करून समजावून सांगा. बाबांना सांगितलं म्हणजे आईला कळलं, असं होत नाही. हे मी अनुभवाने सांगतो.

पंधरा मिनिटं झाली, चिटणीस घड्याळ दाखवतायत. भाषण घरी वाचून दाखवलं तेव्हा सौ.नी दोन दुरुस्त्या सांगितल्या. साखरेच्या पुड्या चार नव्हत्या, सहा होत्या. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचंय, तिकीट त्या काढणार आहेत, मध्ये कुठे थांबायचं तेही त्यांनीच ठरवलंय. कुठे ते मला अजून सांगितलेलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाला मी असेन की नाही माहीत नाही, पण फाइल कुठे आहे ते घरात माहीत आहे. जय हिंद, जय महाराष्ट्र.